सत्तावीस भागिले तीन

घरत बाई,

तुमच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी बोललो. तुम्ही किती खपायचात, खाडीकाठच्या मिठागरातल्या कामगारांची पोरं तुमच्यामुळे शाळेत कशी टिकली, टेपरेकॉर्डरवर आपापल्या वर्गाचा आवाज भरून एकमेकांना ऐकवायची कल्पना तुमचीच कशी होती, हे सगळं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. जे सांगायला हवं होतं तेवढं सोडून मी बाकी सगळं बोललो आणि खाली येऊन सतरंजीवर बसलो.

शेजारी आपल्या कॅसेटवाल्यांतले शेडगे गुरुजी होते. ते हळूच म्हणाले, ‘‘एवढी गुणी बाई, पण शेवटी सेवापुस्तकात डाग लागला हो.’’

‘‘कसला डाग?’’

‘‘तुम्हाला माहीत नाही? वर्गातल्या मुलीला मारलं म्हणून वरून खुलासा मागवला होता. त्यांनी कबूल केलं. शेरा बसला.’’

पुढे सभेत कोण काय बोललं ते मला आठवत नाही. कोणत्या मुलीला, कधी, हे मी शेडग्यांना विचारलं नाही. मला ते माहीत होतं. तुम्ही आयुष्यात एकाही मुलाला हात लावलेला नव्हता, हेही मला माहीत होतं. त्या सतरंजीवरून मी तसाच उठून घरी आलो, त्याला आज बारा दिवस झाले. म्हणून हे लिहितो आहे. तुम्ही वाचणार नाही, याचाही आधार वाटतो आणि त्याचीच लाज वाटते.

आपली ओळख पेणच्या त्या प्रशिक्षणातली. तीन वर्षं झाली. हॉलमध्ये टीव्ही आणून ठेवला होता आणि त्यावर आदर्श पाठाची कॅसेट लावली होती. पडद्यावरचे गुरुजी प्रश्न विचारत आणि इस्त्रीच्या गणवेशातली मुलं एका सुरात उत्तर देत. आमच्यातले निम्मे पेंगत होते, बाकीचे चहाची वाट बघत होते. तेवढ्यात तुम्ही उठलात.

‘‘साहेब, या वर्गात एकही मूल चुकत कसं नाही?’’

‘‘बाई, तो आदर्श पाठ आहे.’’

‘‘मग चुकणाऱ्या मुलांचं काय करायचं ते कुठल्या कॅसेटवर आहे?’’

हॉल हसला. मीही हसलो, पण मला तुमच्यासाठी भीती वाटली. साहेबांसमोर असं बोलणारी बाई कुठे बदलून जाईल याचा नेम नसतो. संध्याकाळी पेण स्टेशनवर गाडीची वाट बघताना तुम्ही मला गाठलंत आणि सरळ विचारलंत, ‘‘गुरुजी, तुमच्या शाळेला टेपरेकॉर्डर आलाय ना? कुठे आहे?’’

‘‘कपाटात. कुलूप लावून.’’

‘‘का?’’

‘‘डेडस्टॉकच्या नोंदवहीत चढवलाय. बिघडला तर जबाब कोण देणार?’’

‘‘माझाही कुलपातच होता. परवा काढला. आता त्यावर माझ्या वर्गाचा आवाज भरते.’’

मग तुम्ही तुमचा बेत सांगितलात. पाच शाळांचे पाच शिक्षक. महिन्यातून एकदा प्रत्येकाने आपल्या वर्गाचा अर्धा तास भरायचा आणि कॅसेट पुढच्याकडे द्यायची. ऐकणाऱ्याने कागदावर दोनच गोष्टी लिहायच्या: काय ऐकू आलं आणि काय प्रश्न पडला. छान, उत्तम, प्रशंसनीय असलं काही लिहायचं नाही. तुमचा भाऊ दत्ता रोह्याच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला होता. पेणहून जाताना आणि घरी परतताना त्याची गाडी आपल्या स्टेशनांवरूनच जायची, त्यामुळे कॅसेटी तोच पोचवणार असं तुम्ही परस्पर ठरवूनही टाकलं होतं. संध्याकाळच्या गाडीला मी निडीच्या फलाटावर उभा राहायचो आणि दत्ता खिडकीतून हात बाहेर काढून कॅसेट घ्यायचा. माझी शाळा स्टेशनापासून अर्धा तास चालल्यावर लागणाऱ्या वाडीत. तिथे वर्षातून एकदा तपासणीला कोणी आलं तर आलं. वीस वर्षं माझा वर्ग बाहेरच्या कोणी ऐकला नव्हता. मी स्वतःही ऐकला नव्हता.

पहिली कॅसेट मी रोह्याला घरी दार लावून ऐकली. तो आवाज माझा नव्हताच, कोणा तापट, घाईतल्या माणसाचा होता. तुमचा कागद आला, त्यावर लिहिलं होतं: ‘अर्ध्या तासात मुलांचे आवाज चार वेळा ऐकू आले. त्यांपैकी दोनदा पाणी पिऊन येऊ का, असे.’ मला राग आला. दोन दिवस मी तो कागद खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न विचारून मी गप्प राहिलो. मनात दहापर्यंत मोजलं. सातव्या आकड्याला मागच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. तिला मी त्याआधी कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

बाई, तेवढ्यासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे. हे तुम्हाला मी कधी बोलून दाखवलं नाही. प्रशिक्षणं मी पुष्कळ केली, सह्या केल्या, फायली आणल्या. शिकलो ते त्या कागदांवरून.

आता वनिताचं.

दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर. वनिता चौथीत होती, भातशेती करणाऱ्या घरातली, अंगाने बारीक, कायम मान तिरकी करून बसणारी. टेप टेबलावर चालू होता. पहिली वीस मिनिटं मी फळ्यावर गणितं घातली. मग तोंडी गणितं सुरू केली आणि माझ्या सवयीप्रमाणे मुलांच्या मागून फेऱ्या मारत विचारू लागलो. टेप चालू आहे हे तोवर मी विसरलो होतो.

‘‘वनिता, सत्तावीस भागिले तीन?’’

ती म्हणाली, ‘‘आठ.’’

पोरं हसली. मी म्हटलं, सोपं देतो. ‘‘चोवीस भागिले तीन?’’

‘‘सात.’’

पोरं आणखी हसली. मला वाटलं, ही थट्टा करते आहे. ‘‘एकवीस भागिले तीन?’’

‘‘नऊ.’’

मी पुढे जाऊन तिच्या कानाखाली लगावली.

आमच्या शाळांत थापड ही काही मोठी बाब नव्हती. पालकच सांगून जायचे, गुरुजी, ऐकत नसेल तर सोडू नका. मीही तासाभरात विसरलो. शाळा सुटली, मी कॅसेट घेऊन निडीला आलो, दत्ताने हात बाहेर काढला, मी कॅसेट त्याच्या हातावर ठेवली. गाडी हलली आणि मला आठवलं.

बाई, मी त्या गाडीमागे फलाटाच्या टोकापर्यंत धावलो. दत्ताला वाटलं मी निरोप देतो आहे, त्याने हात हलवला. माझी थापड नागोठण्याच्या दिशेने निघून गेली आणि मी उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी वनिता शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वाडीतल्या एका बाईने जाता जाता सांगितलं, ‘‘तिचा कान ठनकतोय म्हनं, पू येतोय.’’ मी मान हलवली आणि वर्गात गेलो. माझ्या हाताने त्या मुलीचा कान गेला, हे त्या क्षणी मी धरून चाललो. मला पोलीस दिसू लागले, निलंबनाचा कागद दिसू लागला. खरं सांगायचं तर ती मुलगी मला त्यात कुठे दिसली नाही.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत तुम्ही आलात. अर्धी रजा टाकून, उन्हातून चालत. हातात टेपरेकॉर्डर. मी खुर्चीवरून उठलो. आता तुम्ही मुलांदेखत मला बोलणार, असं वाटलं. तुम्ही पाणी मागितलंत, घाम पुसलात आणि म्हणालात, ‘‘गुरुजी, खडू द्या. मी लावते ते ऐका आणि फळ्याकडे बघा.’’

तुम्ही टेप थांबवत थांबवत फळ्यावर लिहीत गेलात. सत्तावीस, पुढे आठ. चोवीस, पुढे सात. एकवीस, पुढे नऊ.

‘‘तीनाने भागून आठ कधी येतात?’’

‘‘चोवीसला.’’

‘‘सात?’’

‘‘एकवीसला.’’

‘‘आणि नऊ?’’

मी फळ्यावरच्या सत्तावीसकडे बघितलं.

‘‘ती भागाकार बरोबर करतेय, गुरुजी,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘तिला तुमचा प्रश्नच पोचत नाहीये. शेवटचं ‘वीस’ तेवढं पोचतं. आधीचं काय असेल ते ती अंदाजाने धरते. आता मागचं ऐका. फळ्यावर लिहून विचारलेली चार गणितं आहेत, चारही तिने बरोबर सोडवलीत. मी ही कॅसेट सहा वेळा ऐकली. पहिल्या दोन वेळा मलाही वाटलं, पोरगी वाटेल ते बोलतेय.’’

टेप पुढे चालू राहिला. मी बंद करायला हात पुढे केला, तुम्ही टेप बाजूला ओढून घेतलात. थापडेचा आवाज आला. मग सगळा वर्ग गप्प. आणि मग माझा आवाज, अगदी साधा, न चढलेला: ‘‘हं, पुढचं घ्या. छत्तीस भागिले चार.’’

थापडेपेक्षा मला त्या आवाजाची भीती वाटली. अजून वाटते. त्या माणसाला काहीच झालेलं नव्हतं.

‘‘वनिता कुठे आहे?’’ तुम्ही विचारलंत.

मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, ‘‘चला, तिच्या घरी जाऊ.’’ मी म्हटलं, आज तांदूळ वाटपाचा दिवस आहे, शाळा सोडता येणार नाही. तांदूळ वाटप त्या दिवशी नव्हतं. तुम्हाला ते कळलं असणार, कारण कोपऱ्यात एकही पोतं नव्हतं. तुम्ही एकट्या गेलात. दुसऱ्या दिवशी वनिताला आणि तिच्या आईला पेणला कानाच्या डॉक्टरांकडे नेलंत आणि संध्याकाळी त्यांना सोडायला पुन्हा निडीला आलात. मी फलाटावरच होतो. मायलेकी पुढे गेल्यावर तुम्ही मला सांगितलंत. मुलीचे दोन्ही कान तान्हेपणापासून वाहतात. पडद्यांना जुनी भोकं आहेत. ही थापडेची जखम नाही, पण यापुढे त्या कानांवर हात पडता कामा नये.

मी बाकावर बसलो. आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, ‘‘म्हणजे माझ्यामुळे नाही ना?’’

‘‘नाही. तुमच्यामुळे नाही.’’ तुम्ही पिशवी खांद्यावर घेतलीत. मग म्हणालात, ‘‘ती कशी आहे, हे विचाराल असं वाटलं होतं.’’

इथून आपलं भांडण सुरू झालं. त्याला भांडण म्हणायचं की नाही कोण जाणे, कारण आवाज तुमचाही चढला नाही आणि माझाही. तुमचं म्हणणं होतं, ही कॅसेट पाचही जणांनी ऐकावी. प्रत्येकाच्या वर्गात एखादं मूल असं असेल. मी म्हटलं, गणितांचा भाग ऐकवा, थापड तेवढी पुसा.

‘‘थापड पुसली तर त्यात शिकण्यासारखं काय उरलं? मूल ऐकत नाही असं आपल्याला वाटतं, तेव्हा आपण काय करतो ते त्यात आहे.’’

‘‘बाई, तुमचं काय जातंय बोलायला? शेडगे ऐकतील, मग साऱ्या तालुक्यात होईल. मला दोन मुली आहेत.’’

‘‘बरं,’’ तुम्ही म्हणालात. ‘‘तुमचं नाव माझ्या तोंडून कुठे जाणार नाही. शब्द देते.’’ आणि पिशवीतून कॅसेट काढून दिलीत.

घरी जाऊन मी रेडिओ लावला आणि त्या कॅसेटवर शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम भरला. भातावरचे तुडतुडे कसे ओळखावेत, याची माहिती चालू होती. ती पूर्ण होईपर्यंत मी बटणावर बोट ठेवून बसलो होतो.

त्यानंतर मी वनिताला पुढे, माझ्यासमोर बसवलं. सगळ्या मुलांना एकेक करून मागून हळू आवाजात हाका मारून पाहिलं आणि आणखी एक मुलगा सापडला, त्यालाही डॉक्टरांकडे पाठवलं. माझा हात पुन्हा कोणावर उठला नाही. पण हे सगळं मी कागदावर लिहून पुढे पाठवू शकलो नाही, कारण मग आधी काय घडलं ते लिहावं लागलं असतं. इतर तिघांना माझ्याकडून त्या वर्षी म्हणी आणि वाक्प्रचारांचे पाठ गेले.

मग या नव्व्याण्णव सालात तुम्ही पेणच्या त्या कॉम्प्युटर क्लासला जायला लागलात. चाळिशी उलटलेली बाई, कॉलेजच्या मुलामुलींमध्ये बसून एका बोटाने टाइप करायची. भेटलात की त्याच गोष्टी. राज्यातल्या कुठकुठल्या शिक्षकांचा ई-मेलवर एक गट झाला होता. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं. एकाने लिहिलं की सगळ्यांना पोचायचं. ‘‘आपल्या कॅसेटीला पाच जणांत फिरायला महिना लागायचा,’’ तुम्ही म्हणालात, ‘‘इथे सकाळी विचारलं तर संध्याकाळी नांदेडहून उत्तर.’’

एकदा तुम्ही मला तिथे घेऊन गेलात. कॉम्प्युटरला जोडलेला डबा फोन लावताना किरकिरला, ओरडला आणि पडद्यावर अक्षरं उमटली. कोणीतरी बाई विचारत होती, दोन वर्ग एका खोलीत कसे सांभाळायचे.

‘‘हे कोण कोण वाचतं?’’ मी विचारलं.

‘‘गटात असेल तो कोणीही.’’

‘‘म्हणजे आपल्याला न कळता?’’

तुम्ही हसलात. ‘‘गुरुजी, भूत बघितल्यासारखं काय करताय? माणसंच आहेत, आपल्यासारखी.’’ मग हसू आवरून म्हणालात, ‘‘वनिताची गोष्ट मी इथे लिहावी म्हणते.’’

‘‘बाई, तुम्ही शब्द दिलाय.’’

‘‘शब्द पाळणार आहे. तुमचं नाव येणार नाही.’’

मी उठून बाहेर आलो. पाच जणांत जी गोष्ट मला सोसवत नव्हती ती आता नांदेडपर्यंत जाणार होती. नाव नसलं म्हणून काय झालं, कोणीतरी ओळखेलच. त्या दिवसापासून मी तुम्हाला टाळू लागलो. दत्ताकडे कॅसेट देणं बंद केलं, बॅटरी संपली, वेळ नाही, असं काहीतरी सांगून.

शेवटचं पाहिलं ते गेल्या महिन्यात. रोह्याच्या फलाटावर तुम्ही उभ्या होतात. रोह्याला तुमचं एरवी काही काम नसायचं. काखेत पिशवी, हातात मिटलेली छत्री, आणि तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांत कोणाला तरी शोधत होतात. मी जिन्यावरून तुम्हाला पाहिलं आणि तिथूनच मागे फिरलो. पुढच्या गाडीने गेलो. शाळेत उशीर झाला म्हणून शिक्षकांच्या हजेरीवहीत चुकीची वेळ लिहिली. तेव्हा तुमच्या पिशवीत खुलाशाचा कागद होता का? मला त्याबद्दल विचारायला आल्या होतात का, की नुसतं सांगायला? पंधरा दिवसांनी तुम्हाला ताप आला आणि आठव्या दिवशी तुम्ही गेलात. मी दवाखान्यात आलो नाही. उद्या जाऊ, असं म्हणत राहिलो.

शोकसभेनंतर चार दिवसांनी दत्ता माझ्या घरी आला. कंपनीतून परस्पर, डबा हातात. त्याने तुमची कापडी पिशवी टेबलावर ठेवली. ‘‘ताईचे कागद हायेत. शाळेचं कायतरी दिसतंय. मला त्यातलं कळत नाय. तुमी तिच्या कॅसेटवाल्यांतले, म्हनून आनलं.’’

पाणी दिलं तरी तो बसला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, ‘‘गुरुजी, एक विचारू? ताईनं कवा कुनाला हात लावला नाय. माज्या पोरांना मी मारायला गेलो तर मधी पडायची. मग तिनं साहेबाला लिहून कसं दिलं, मी मारलं म्हनून?’’

मी त्याच्यासाठी आणलेलं पाणी स्वतः प्यालो. म्हटलं, ‘‘मला काही कल्पना नाही, दत्ता.’’

तो डबा घेऊन निघून गेला.

दोन्ही कडांना भोकं असलेले, कॉम्प्युटरवरून छापलेले ते लांबलचक कागद मी उलगडले. इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचायला मला वेळ लागला, एकेक शब्द ओठांनी जुळवत गेलो. पहिलंच पत्र तुमचं. ‘माझ्या वर्गात एक मुलगी होती. मी तिला विचारलं, सत्तावीस भागिले तीन.’ पुढे सगळं जसंच्या तसं होतं. वर्गाच्या मागून मारलेल्या फेऱ्या, पोरांचं हसणं, आणि मग: ‘मी तिला मारलं. आणि लगेच पुढचं गणित विचारलं.’ खाली तुमचं नाव, तुमची शाळा.

उत्तरं पुष्कळ होती. कोणी लिहिलं होतं, तुमच्यासारख्या बाईला वर्गात उभं करू नये. कोणी लिहिलं होतं, खरं लिहिण्याचं धाडस केलंत. एका गुरुजींनी आपल्या वर्गात मागून हाका मारून पाहिल्या होत्या आणि दोन मुलं सापडली होती. एक बाई विचारत होत्या, मुलांचे कान कसे तपासायचे ते सविस्तर लिहा. तुम्ही सविस्तर लिहिलं होतं. ते वाचून आणखी कोणी कोणी तपासलं होतं. तुमचं म्हणणं खरं होतं, प्रत्येकाच्या वर्गात एक होतंच.

मग एकाने विचारलं होतं, बाई, स्वतःविषयीच एवढं कशाला लिहिलंत, एका शिक्षकाची गोष्ट म्हणूनही सांगता आली असती. तुम्ही उत्तर दिलं होतं, ‘दुसऱ्याची म्हणून सांगितली असती तर सगळे त्याला नावं ठेवत बसले असते आणि आपापला वर्ग कोणी तपासला नसता.’

बाई, मला वाटलं होतं तुम्ही शब्द पाळलात तो माझ्यासाठी. तसं पूर्ण नव्हतं, हे वाचून थोडं हलकं वाटलं आणि थोडं दुखलंही.

सर्वांत खाली तुमच्या अक्षरातली खुलाशाची प्रत होती. गटावरचं तुमचं ते पत्र कोणीतरी छापून वर पाठवलं होतं. साहेबांनी विचारलं होतं, हे खरं आहे काय. तुम्ही चार ओळी लिहिल्या होत्या. मजकूर माझा आहे. घडले ते चूक होते. त्या मुलीवर उपचार झाले आहेत. पुन्हा घडणार नाही. ‘मी मारले’ असं त्यात कुठेच नव्हतं. तुम्ही खोटं लिहिलं नव्हतंत, त्यांना हवं ते वाचू दिलंत.

मी तीन दिवस ते कागद गादीखाली ठेवले. बायकोलाही दाखवले नाहीत. सगळे जण तुम्हाला दोष देऊन मोकळे झाले होते, तुम्ही नव्हतात, कॅसेट पुसलेली होती. मी गप्प राहिलो असतो तर कोणालाच कधी कळलं नसतं. हे मी तीन दिवस पुन्हा पुन्हा पडताळून पाहिलं. कुठेही फट नव्हती. आणि त्यानेच मला सर्वांत जास्त भिववलं, की मी हिशेबीपणे फटी शोधतो आहे, त्या टेपवरच्या आवाजासारखा, अगदी शांतपणे.

रविवारी वाडीवर वनिताच्या घरी गेलो. ती आता सहावीत आहे. तिची आई उखळापाशी होती. मी सांगितलं की वनिताला बाईंनी नाही, मी मारलं, हे मी लिहून देणार आहे, मुलीचं नाव कोणी विचारलं तर सांगू का. ती म्हणाली, ‘‘सांगा की. तिला मारलं त्ये वाडीला म्हाईत हाय. बाईंनी मारलं असं कोन म्हनतं?’’ मी म्हटलं, ‘‘कागदावर तसं आहे.’’ तिने मुसळ बाजूला ठेवलं. ‘‘मंग तुमी इतकं दिस काय करीत व्हतात, गुरुजी?’’

वनिता दारात होती. मान अजून तिरकीच. मी तिच्यासमोर जाऊन, तोंड दिसेल असा उभा राहून म्हटलं, ‘‘तुझी उत्तरं बरोबर होती. मी चुकलो.’’ ती लाजली आणि आत पळाली. तिला काय वाटलं ते मला कळलं नाही, आणि ते विचारायचा हक्क मला नव्हता.

तिथून पेणला गेलो. दत्ता घरी होता. त्याला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, आणि हे तुमच्या त्या गटावरही लिहायचं आहे म्हटलं. तो मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, ‘‘त्या दिशी विचारलं तवा का नाय बोललात?’’

‘‘भ्यालो.’’

‘‘आन आता?’’

‘‘आताही भितोय.’’

त्याने पायात चपला सरकवल्या आणि मला त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये घेऊन गेला. शेजारच्या खुर्चीत बसून राहिला. मी एका बोटाने टाइप केलं. दोन तास लागले, मध्ये एकदा फोन तुटला आणि अर्धं पुन्हा लिहावं लागलं. घरत बाई वारल्या, हे लिहिलं. सत्तावीस भागिले तीन हा प्रश्न मी विचारला होता, हे लिहिलं. खाली माझं नाव, माझी शाळा. क्लासच्या बाईंनी बटण दाखवलं. मी दाबलं. उत्तरं आली असतील. मी अजून पाहिलेली नाहीत.

आता मी अर्ज घेऊन बसलो आहे. उद्या अकरा वाजता कार्यालयात जायचं आहे. तुमच्या सेवापुस्तकातला शेरा खोडून तो माझ्या सेवापुस्तकात घ्यावा, अशी विनंती त्यात केली आहे. असं करता येतं की नाही, मला माहीत नाही. गेलेल्या माणसाच्या सेवापुस्तकात कोणी दुरुस्ती करतं का, तेही माहीत नाही. दत्ता रजा टाकून बरोबर येणार आहे. बायकोला आज सांगितलं. ती रडली, पण जाऊ नका म्हणाली नाही. मुलींना अजून सांगितलेलं नाही.

बाई, अर्ज तीनदा लिहिला. साहेब चष्मा काढतील आणि वनिताच्या आईने विचारलं तेच विचारतील, इतके दिवस कुठे होतात. त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. अकरा वाजेपर्यंत सुचेल असंही वाटत नाही. न सुचताच जाणार आहे.

तुमचा,
भोईर गुरुजी